कशासाठी पाहिजे?

“कशासाठी पाहिजे, मॅडम?” दुकानदारानं विचारलं. मी संगणकात टाकायला आठ जीबीची जुनी डीडीआर-थ्री रॅम आणि एक एसएसडी मागितली होती. मे महिना, दुपारचे साडेचार. स्टेशन रोडवरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि दुकानातला पंखा वरची गरम हवा खाली ढकलण्यापलीकडं काही करत नव्हता. शेजारी माझा पंधरा वर्षांचा लेक हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत उभा होता. विचारणाऱ्याच्या मनात काहीच नव्हतं. काम कळलं की त्या बेतानं माल काढायचा, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. आणि मी, जराही न अडखळता, म्हणाले, “पोराच्या अभ्यासासाठी.”

लेकानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा पट्ट्याकडं बघायला लागला.

अभ्यासाचा त्यात काही संबंध नव्हता. गेम खेळायला संगणक तयार करायचा, हे आमच्या दोघांत उघड ठरलेलं होतं. त्याच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही मिळून यादी केली होती: काय आहे, काय बदलायचं, काय नाही बदललं तरी भागेल, जास्तीत जास्त किती पैसे. मथळाही त्यानंच दिला होता, ‘गेमिंग पीसी, बजेट १०,०००’. ती वही त्या वेळी माझ्या पर्समध्ये होती. सतरा वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय. वर्गात कुणी खोटं बोललं तर मी त्याला जवळ बोलावून शांतपणे विचारते, बाळा, भीती कशाची वाटली? दुकानात भीती कशाचीच नव्हती. खरं सांगितलं असतं तर त्या माणसानं मान हलवून तीच रॅम काढून दिली असती. पण ते वाक्य तोंडातून असं निघालं, जशी घरात शिरताना चप्पल आपोआप पायातून निघते.

परत येताना स्कूटीवर तो काही बोलला नाही. मीही नाही. दोन दिवसांनी मी पोळ्या लाटत होते आणि तो जिन्यात बसून मित्राशी फोनवर बोलत होता. “हो रे, आईनं प्रोजेक्टसाठी करून दिलाय,” तो म्हणाला. त्याचाही आवाज अडखळला नाही. तव्यावरची पोळी करपली.

ज्या संगणकासाठी हे सगळं चाललं होतं, तो डबा आमच्या घरी आला अण्णांबरोबर. अण्णा म्हणजे माझे वडील. मानवतच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी पस्तीस वर्षं मुनीमकी केली. २०१३ च्या हंगामात तिथल्या ऑफिसात संगणक आला तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते, आणि तोवर रोजमेळ, खातेवही, काटापट्टी सगळं हातानं लिहीत आले होते. शेठच्या मुलानं त्यात हिशोबाची टॅली बसवून घेतली. त्या दिवसांत आईचा फोन आला की पहिलं वाक्य हेच असायचं, “तुझा बाप जेवताना ताटावर बोटं आपटायलाय गं.” एफ-फाईव्ह पेमेंट, एफ-सिक्स रिसीट, एफ-नाईन खरेदी. ताटाच्या काठावर पाठांतर चालायचं. दोन महिन्यांत त्यांना ते जमलं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता, जरी तो त्यांनी कधी शब्दांत सांगितला नाही. ते निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातली मशीनं बदलत होती, त्यातलं एक जुनं शेठनी त्यांना देऊन टाकलं. आई गेल्यावर ते परभणीला आमच्याकडं आले तेव्हा बरोबर एक ट्रंक, एक सतरंजी, वह्यांचं गाठोडं आणि पोत्यात गुंडाळलेला हा काळा डबा. डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०१०, मिनी टॉवर, २०१२ सालचं मॉडेल. आत आय-फाईव्ह ३४७० प्रोसेसर, चार जीबी रॅमची एकच पट्टी, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकावा आणि चहा गाळून यावं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. ह्यांनी दोनदा भंगारवाल्याला द्यायचं काढलं. अण्णांनी वाद घातला नाही. ते फक्त आपला टॉवेल त्या डब्यावर वाळत घालायला लागले.

संगणक उघडायला मी शाळेत शिकले. आमच्या शाळेला एकदा कुठल्या तरी ऑफिसातून निघालेली चार मशीनं मिळाली होती. दुरुस्तीचा माणूस येईल तेव्हा येईल, तोवर पोरं बंद पडद्यात स्वतःचे चेहरे बघत बसायची. मग एका शनिवारी मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासले की मुकं मशीन पुष्कळदा बोलायला लागतं, हे तेव्हा कळलं. शाळेत खोडरबराला काय तोटा! त्यामुळं अण्णांचा डबा उघडायला मला कुणाची गरज नव्हती. रविवारी सकाळी ओसरीत सतरंजी पसरली, लेकाला टॉर्च धरायला बसवलं आणि झाकण सरकवलं.

आत कापूस निघाला.

खरोखरचा कापूस. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर रुईचा राखाडी थर बसला होता. बोटानं उचलला तर अख्खी चकती हातात आली, जुन्या गादीतून निघते तशी. तिच्यात सरकीची टरफलं, वाळक्या पानाचा भुगा, एक मेलेली मुंगी. जिनिंगच्या हवेत रुई दिवसरात्र तरंगत असते. हंगामात अण्णा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव असायची आणि आई त्यांना अंगणातच थांबवून पदरानं झटकायची. आम्हा पोरांना वाटायचं अण्णा रोज संध्याकाळी म्हातारे होतात आणि हातपाय धुतले की पुन्हा तरुण. मी ती चकती नाकाजवळ नेली. तेलकट, धुळकट, थोडा कोंदट वास, सरकीच्या ढिगाजवळ येतो तो. अण्णा बाजेवरून उठून आले. माझ्या हातातली चकती घेतली, दोन चिमटींत एक पुंजका धरून हळूच ओढला, आणि सुटलेले तंतू उजेडात धरून लांबी बघितली. ऑफिसात बसणारा माणूस, पण पस्तीस वर्षांत डोळ्यांना सवय झालेली. “धागा चांगलाय,” ते म्हणाले. मग ती चकती त्यांनी फेकली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

आमच्याकडं उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. डब्यातला पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून आतली वस्तू खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. लोक व्हिडिओत एसीच्या खोलीत बसून जे तापमान दाखवतात ते परभणीकरानं आपल्या हिशोबानं वाढवूनच वाचावं. त्यात वर रुईची गोधडी पांघरलेली. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्या मधली पेस्ट वाळून चुन्यासारखी पांढरी, तडकलेली होती. ती स्पिरीटच्या बोळ्यानं पुसली, नवी तांदळाच्या दाण्याएवढी लावली, पंखा ब्रशनं साफ केला. एवढ्या एका कामानं तापमान चौदा अंशांनी उतरलं. बोर्डावरचा गोल सेल मेला होता, त्यामुळं मशीन दर वेळी कित्येक वर्षं मागच्या तारखेत जागं व्हायचं. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात तीस रुपयांना मिळाला. तो बसवून तारीख भरली तेव्हा लेक म्हणाला, “आता आजोबांचा पीसी आपल्यात आला.”

खरा फरक पडला तो एसएसडीनं. जुनी डिस्क म्हणजे फिरती तबकडी. तिच्यावरची सुई हवी ती जागा शोधत पुढंमागं पळते, आणि छोट्या छोट्या शेकडो फायली एकदम मागितल्या की तिची दमछाक होते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. चहा टाकायला उठले, गॅस पेटवेपर्यंत मशीन चालू होऊन वाट बघत होतं. रॅम चारची बारा झाली. राहिलं ग्राफिक कार्ड. प्रोसेसरच्या पोटात जे चित्र काढायचं साधन असतं ते टॅलीच्या रकान्यांना पुरेसं होतं, खेळाला नाही. इथं लेकानं घाई केली; कुठलं तरी मोठं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून त्यानं फोटो दाखवला. मी त्याला डब्यातल्या वीजपुरवठ्यावरचं लेबल वाचायला लावलं. २७५ वॉट. आणि त्यातून कार्डासाठी वेगळी वायरही निघत नव्हती. बोर्डावरच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, तेवढ्यात भागणारंच कार्ड हवं. बैल कितीही दांडगा मिळाला तरी जू घरचंच आहे. अशा डब्यांसाठी २०१६ साली आलेलं जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड सोयीचं पडतं: चार जीबीची स्वतःची मेमरी, ७५ वॉट, पुष्कळ मॉडेलांना वरून वायर लागत नाही. परभणीत जुनं मिळेना. भावाचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. त्यानं सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये दोन संध्याकाळी फिरून, दुकानातच लावून बघून, साडेपाच हजारांत एक घेतलं आणि देवगिरी एक्सप्रेसनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलं. आम्ही स्टेशनवर घ्यायला गेलो. खोक्याऐवजी ते कार्ड एका जुन्या टॉवेलात, वरून बिस्किटांच्या पुड्यात होतं. अण्णा म्हणाले, “हैदराबादचा माल आपल्याकडं असाच यायचा. माझ्या बापानं शिवणयंत्र आणलं व्हतं, तेबी गोधडीत.”

जमाखर्च अण्णाच लिहितात. आमच्या घरखर्चाची वही त्यांनी आल्या आल्या ताब्यात घेतली, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. त्या रात्री ते चष्मा लावून बसले. रॅम ८००, एसएसडी १,६००, कार्ड ५,५००, पेस्ट १५०, सेल ३०. एकूण ८,०८०. बेरीज दोनदा करून त्यांनी मला विचारलं, “कोणत्या खात्याला टाकू? शिक्षण, का किरकोळ?”

पुन्हा तोच प्रश्न. मी भांडी आवरत होते. हात थांबले. ‘शिक्षण’ म्हटलं असतं तर दुकानातलं वाक्य दुसऱ्यांदा बोलल्यासारखं झालं असतं, तेही ज्या माणसानं आयुष्यात एक नोंद चुकीच्या खात्याला टाकली नाही त्याच्यासमोर. ‘किरकोळ’ म्हणायला जीभ वळेना. आठ हजार रुपये म्हणजे आमच्या घरात किरकोळ नाहीत, आणि पोरानं महिनाभर त्या यादीवर ज्या प्रेमानं रेघा मारल्या तेही किरकोळ नव्हतं. “राहू द्या आत्ता,” मी म्हणाले. अण्णांनी रक्कम पेन्सिलीनं लिहिली. त्यांच्या वहीत पेन्सिल म्हणजे निकाल बाकी.

आमच्या भागात पोरांसाठी जे काही घेतलं जातं ते अभ्यासासाठीच असतं. टेबल अभ्यासासाठी, सायकल क्लासला जायसाठी, इन्व्हर्टर दहावी आहे म्हणून, मोबाईल ऑनलाइन तासांसाठी. लातूरला खोली करून राहणाऱ्या पोरांच्या मागं कुणाचं अर्धं वावर गेलेलं असतं, कुणाची म्हैस. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. मीही अशाच एका घरातून शिकले, अण्णांनी माझ्या डी.एड.च्या फीसाठी आईच्या पाटल्या मोडल्या आणि त्याचा मला आजही कृतज्ञतेनं भार वाटतो. ज्या मुलखात २०१६ च्या एप्रिलात लातूरकरांना मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, तिथं प्रत्येक रुपयाला थांबवून ‘तू कशासाठी?’ विचारायची सवय हाडात जाते. पाण्याला, बियाण्याला, फीला, औषधाला. ह्या रांगेत खेळाचा नंबर कधी येत नाही, म्हणून खेळ दुसऱ्याच्या नावावर रांगेत उभा राहतो. आम्ही त्याला अभ्यासाचं नाव देऊन आत घेतो. एवढं करून तो आत आला तरी चोरासारखाच वावरतो. आईची चाहूल लागली की पडद्यावरची खिडकी बदलायची, पुस्तक उघडायचं. माझा लेक माझ्या देखत असं कधी करत नव्हता. दुकानातल्या त्या दुपारनंतर एकदा मी खोलीत गेले आणि त्याचा हात माऊसवर चटकन हलला. पडद्यावर फक्त डेस्कटॉप राहिला.

१९९४-९५ असेल. माझे मामा परभणीला बसस्टँडमागं राहायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथं. गल्लीच्या तोंडाशी एका पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ गेमची दोन उभी यंत्रं होती. दाराला निळा पडदा, आतून अगरबत्तीचा आणि तापलेल्या वायरींचा मिसळलेला वास, आणि सतत गाड्यांचा, गोळ्यांचा, नाण्यांचा आवाज. एक रुपयाला एक डाव. माझा मोठा भाऊ आत जायचा आणि मी बाहेर त्याची सायकल धरून उभी राहायची. सायकलला कुलूप होतं. तरी ती धरायची, कारण ‘सायकल धर’ म्हटलं की मी तिथं का उभी आहे याला कारण मिळायचं. पोरीनं आत जायचं नाही, असं मला कुणी म्हणाल्याचं आठवत नाही. म्हणावं लागलंच नाही. पडदा वाऱ्यानं हलला की अर्ध्या सेकंदापुरता पडदा आणि भिंत यांच्या फटीतून लाल गाडी दिसायची, काळ्या रस्त्यावरून पळणारी. ती कुठं जाते, रस्ता संपतो का, हे मला कळायचं नाही, आणि भावाला विचारलं तर तो म्हणायचा, “तुला नाही समजायचं.” मला अजूनही त्या फटीतला रंग आठवतो. पुढं मामांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला, पिवळ्या कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला. भावंडांची पाळी आधी, भांडी घासून झाल्यावर माझी. माझी पाळी आली की बहुतेक लाईट गेलेली असायची. मी रडले वगैरे नाही. मला तेव्हा ते नैसर्गिकच वाटलं होतं, आणि आता त्याचंच वाईट वाटतं.

जुन्या हार्ड डिस्कचं काय करायचं, हा विषय अण्णांनीच काढला. एसएसडी लागल्यावर ती बाजूला पडली होती आणि लेकाला तिच्यावर गेम ठेवायचे होते. अण्णांनी एकदा शेवटचं बघतो म्हणून टॅली उघडायला लावली. पडद्यावर ती परिचित यादी आली, वरून खाली शेतकऱ्यांची नावं, गाव, क्विंटल, भाव, दिलेली उचल, राहिलेली बाकी. अण्णा बोट न लावता, हवेतूनच ओळी वाचत गेले. “ह्याच्या पोरीचं लग्न व्हतं त्या साली.” “हा वारला.” २०१७ च्या हंगामापाशी ते थांबले, ते बोंडअळीचं वर्ष, गाड्यांच्या नोंदी कमी आणि उचलीच्या जास्त. बराच वेळ गेल्यावर त्यांनी लेकाला विचारलं, “पुसून टाकलं तर कुणाला परत काढता येतं का?” लेकानं खरं सांगितलं. नुसतं डिलीट केलं किंवा झटपट फॉरमॅट केलं तर वरचं अनुक्रमणिकेचं पान तेवढं जातं, आतला मजकूर तसाच राहतो. खरं पुसायचं तर डिस्कच्या पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत शून्यं लिहावी लागतात. “मग शून्यं लिही,” अण्णा म्हणाले. “लोकाच्या उधाऱ्या हायत त्यात. खेळाच्या डब्यात लोकाची उधारी नगं.” दोन तासांवर वेळ लागला. टक्क्यांचा आकडा हळूहळू चढत होता आणि अण्णा खुर्ची ओढून समोर बसून राहिले, जसे ते काट्यावर गाडी रिकामी होईपर्यंत बसत. शंभर झाल्यावर एकच शब्द बोलले. “निरंक.”

खेळाचा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा मी तेव्हा ऐकला.

कोणता खेळ घ्यायचा यावर आमचं थोडं वाजलं. लेकाचं मन जीटीए फाईव्हवर. तो खेळ २०१५ साली संगणकावर आला तेव्हा कंपनीनं चांगलं चालण्यासाठी सुचवलेल्या यादीत आय-फाईव्ह ३४७०, म्हणजे नेमका अण्णांच्या डब्यातला प्रोसेसर लिहिला होता. लेकानं ती यादी मला फोनवर दाखवली, दोनदा. मलाही भरून आलं: मानवतच्या ऑफिसात रुई खात, सरकीचा हिशोब करत बसलेलं हे मशीन तेव्हापासून त्या यादीत होतं आणि आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. पण तो खेळ अठरा वर्षांपुढच्यांचा आहे, आणि तिथं मी हलले नाही. शेवटी ट्रकवर तडजोड झाली. युरो ट्रक सिम्युलेटर टू, २०१२ चा खेळ, डब्याच्याच वयाचा. माल भरायचा, ठरल्या गावी पोचवायचा. वेग वाढला की दंड, धडकलं की मालाचं नुकसान आणि तेवढे पैसे कापून, झोप आली की गाडी बाजूला लावून झोपायचं. रस्ते युरोपातले.

अण्णा आधी लांबून बघायचे, पेपर तोंडासमोर धरून. मग पेपर गुडघ्यावर आला. एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते आणि मागून त्यांचा आवाज आला, “माल काय हाय?” लेकानं काहीतरी सांगितलं. “टन किती?” “बावीस.” “म्हंजे दोनशे वीस क्विंटल. रुईच्या गाठी असत्या तर एकशे तीसला जरा कमी.” एका गाठीत एकशे सत्तर किलो, हे गणित त्यांना झोपेतही येतं. “पावती कुठाय?” लेकानं पडद्याच्या कोपऱ्यातला कागद उघडून दाखवला, अंतर, वजन, भाडं, मुदत. अण्णा पुढं सरकले. “उशीर झाला तर?” “पैसे कापतात आजोबा.” “कापाय पायजेत.” मग एक पाटी आली, लेक म्हणाला, “आजोबा, जर्मनीत शिरलो.” मी भाजीवरून मान वर केली. जगात जर्मनी, भारतात परभणी, हे वाक्य आम्ही जन्मापासून ऐकतो, लग्नांत, भाषणांत, रिक्षांच्या मागं. पण अण्णांना त्या वाक्यातली पहिली बाजू दिसायची ही पहिलीच वेळ. ते चष्मा पुसून पुन्हा लावून बघत राहिले. हिरवी कुरणं, पवनचक्क्या, ओले रस्ते. “आपल्याहून हिरवंय,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी गाडी ब्रेमेनला गेली. पुढं कधी तरी मी वाचलं की ब्रेमेनमध्ये १८७२ पासून कापसाचा बाजार आहे. ते अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, “मग आधी सांगायचं व्हतंस. गाडी तिथं दोन दिवस थांबवली असती.”

२०२५ च्या सप्टेंबरात पाऊस झाला. तो कसा झाला हे मराठवाड्यातल्या कुणाला सांगायला नको. वेचणीला आलेली बोंडं झाडावरच सडली, सोयाबीन पाण्याखाली गेलं, माझ्या वर्गातली पोरं आठ आठ दिवस आली नाहीत आणि आली तेव्हा वह्या नव्हत्या. अण्णा टीव्हीसमोरून उठत नव्हते. त्यांच्या ओळखीची गावं पडद्यावर होती. त्या दिवसांत डबा कुणी चालू केला नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र ते आठ हजार ऐंशी रुपये पुन्हा पुन्हा यायचे. वर्गात कितीजणांच्या वह्या आल्या असत्या, असं. वह्या आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून आणल्या, पण म्हणून तो हिशोब थांबला नाही. दसरा झाला आणि मग एका संध्याकाळी पोरगा पेपर वाचणाऱ्या अण्णांजवळ जाऊन बसला आणि अण्णाच म्हणाले, “ती गाडी कुठं उभी केलीस?”

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, हा प्रोसेसर तिसरीतला. लेकानं दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. ट्रक त्यावरही चालतो. मित्र मदतीला आला होता, तोच फोनवरचा. “काकू, मस्त केलाय प्रोजेक्टचा पीसी,” तो म्हणाला. लेक माझ्याकडं बघत होता. मी चिवड्याची वाटी मित्राच्या हातात दिली आणि म्हणाले, “प्रोजेक्टचा नाही रे, गेमसाठीच केलाय.” आवाज थोडा मोठाच निघाला. मित्राला त्यात काही वाटलं नाही. लेकाचे कान लाल झाले आणि तो वायर शोधायला टेबलाखाली वाकला. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. उलट मे महिन्यातलं वाक्य अधिक स्पष्ट ऐकू आलं.

परवा रात्री मला झोप येईना. परभणीची थंडी सुरू झालीय, फरशी पायाला चावते. हे नांदेडला, शनिवारी येणार. लेक पांघरुणात. अण्णांच्या खोलीतून घोरणं. मी शाल घेऊन टेबलाशी बसले आणि बटण दाबलं, कुणाला जाग येऊ नये म्हणून आवाज आधीच बंद केला. गाडी लेकानं कुठल्याशा पेट्रोल पंपावर उभी केली होती. कळफलक अजून अण्णांचा, ऑफिसातला. उजवीकडचे आकडे झिजून गुळगुळीत झालेले. डावीकडच्या ज्या चार कळांनी गाडी चालते त्यांवरची अक्षरं लेकाच्या बोटांनी आता कुठं पुसट व्हायला लागलीत. मी बोटं त्यांवर ठेवली. गाडी आधी मागं गेली, मग कठड्याला लागली, दंड झाला. मग रस्त्याला लागली. तिथं पाऊस चालू होता. काचेवर थेंब यायचे, वायपर पुसायचा, पुन्हा यायचे. समोर काळा ओला रस्ता, दोन्ही बाजूंना अंधार, दिव्यांच्या उजेडात पांढरे पट्टे एकेक करून माझ्याखाली येत होते. वळण आलं आणि मी खुर्चीतच झुकले. रस्ता संपत नव्हता. पुढं एक लाल गाडी गेली, तिचे मागचे दिवे बराच वेळ दिसत राहिले. किती वेळ गेला कळलं नाही.

“कोणंय?” मागं दारात अण्णा उभे होते, कानटोपी घालून, एका हातानं चौकट धरून. पडद्याचा निळसर उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता. माझा हात माऊसकडं गेला, आणि थांबला.

“मी आहे, अण्णा.”

“ह्या वक्ताला काय करायलीस गं?”

“खेळायलेय.”

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग भिंत चाचपत बटणापर्यंत आले.

“मग लाईट लाव की. अंधारात डोळे जातील.”